शिक्षक-प्रशिक्षण आणि समावेशक शिक्षण : महाराष्ट्रातील वाटचालीचा ऐतिहासिक अभ्यास (आचरा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील आचरा हे किनाऱ्यावरील गाव श्री देव रामेश्वराच्या गावपळणीमुळे सर्वदूर परिचित आहे. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवताचा कौल घेतला जातो आणि त्या कौलानुसार अवघे गाव तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जाते. गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री यांना सोबत घेऊन कुटुंबे गावाच्या हद्दीपलीकडे राहुट्या उभारतात. पुन्हा कौल मिळाला की गाव परत नांदू लागते. या प्रथेच्या उगमाविषयी अनेक आख्यायिका सांगितल्या जातात. त्यांची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तथापि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी एक बाब तीत आहे. गाव रिकामे करावयाचे म्हणजे कोणालाही मागे ठेवावयाचे नाही. दृष्टी गेलेली आजी, अंथरुणाला खिळलेले आजोबा, चालू न शकणारे मूल या सर्वांना वेशीबाहेर नेण्याची व्यवस्था त्या त्या घराला व वाडीला करावीच लागते.

तेच चालू न शकणारे मूल सहा वर्षांचे झाले की वाडीतील शाळेत जाईल काय, आणि गेले तर तेथील शिक्षकाला त्याला शिकविता येईल काय, हा प्रश्न मात्र गावाच्या हाती नसतो. त्याचे उत्तर शासनाच्या धोरणात आणि त्याहून अधिक शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात दडलेले आहे. महाराष्ट्रात अपंग मुलांना शिकविण्याचे शास्त्र सुमारे एकशे चाळीस वर्षांपासून विकसित होत आले. परंतु ते विशेष शाळांत आणि विशेष शिक्षकांपाशी साठत गेले. कायद्याने मूल सर्वसाधारण शाळेत आणले, त्याला शिकविण्याचे ज्ञान मात्र त्याच्यासोबत आले नाही. असे का घडले, याचा कालक्रमानुसार शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

संज्ञा आणि शिरगणती

या विषयाचा इतिहास प्रथम भाषेत दिसतो. आंधळा, पांगळा, मुका, बहिरा हे शब्द मराठीत जुने आहेत आणि खेड्यांतून व्यक्तीच्या नावाआधी ते सहज जोडले जात. स्वातंत्र्योत्तर काळात शासकीय व्यवहारात 'अपंग' हा शब्द रूढ झाला. त्यानंतर 'विकलांग', शिक्षण खात्यात 'विशेष गरजा असणारी बालके' आणि गेल्या दशकापासून 'दिव्यांग' असा हा प्रवास आहे. प्रस्तुत लेखात त्या त्या काळाचा शब्द वापरला असून त्यामागे कोणताही अनादर नाही.

संज्ञेप्रमाणेच शिरगणतीचा इतिहासही बोलका आहे. ब्रिटिश काळातील जनगणनांत १९३१ पर्यंत वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी अशी वर्गवारी करून व्यक्तींची नोंद होत असे. वसाहतकालीन शासनाने या लोकांची मोजणी केली, परंतु त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी आपली मानली नाही. स्वातंत्र्यानंतर ही मोजणीही थांबली. १९८१ च्या जनगणनेत मर्यादित स्वरूपात ती घेण्यात आली, १९९१ मध्ये पुन्हा वगळली गेली आणि २००१ पासून नियमित झाली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख व्यक्ती अपंग आढळल्या. ५ ते १९ वयोगटातील अपंग मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुले शिक्षणसंस्थेत जात होती आणि सुमारे २७ टक्के मुलांनी शाळा कधीच पाहिली नव्हती. म्हणजे शिक्षणहक्क कायदा लागू झाल्याच्या पुढच्याच वर्षी दर चार अपंग मुलांमागे एकाहून अधिक मूल शाळेच्या पूर्णतः बाहेर होते. मोजणीत जो खंड पडला, तोच पुढे शिक्षक-प्रशिक्षणाच्या नियोजनातही दिसतो. ज्या मुलांची संख्याच धोरणकर्त्यांसमोर नव्हती, त्यांच्यासाठी शिक्षक तयार करण्याचा विचार सहसा होत नसे.

विशेष शाळांचा उदय : मुंबई-पुण्याची केंद्रे

पश्चिम भारतातील अपंगांच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. १८८० च्या दशकाच्या मध्यावर रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने माझगाव येथे बहिऱ्या-मुक्या मुलांसाठी शाळा उघडली. भारतातील या प्रकारची ती पहिली शाळा मानली जाते. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसर येथे अंधांसाठी देशातील पहिली शाळा सुरू केली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाच्या काळात, १९०० मध्ये, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. दादर येथील आजची कमला मेहता अंधशाळा ही तिचीच परंपरा होय. १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. स्वतः दृष्टी गमावलेले डॉ. नीलकंठराय छत्रपती यांचे नाव या शाळेशी जोडलेले असून भारतीय भाषांसाठी ब्रेलची मांडणी करण्याचे त्यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. १९३४ मध्ये पुण्यात अंधशाळा स्थापन झाली, तर मतिमंद मुलांसाठी मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळेचा आरंभ झाला.

या शाळांनी केलेले काम मोलाचे होते. परंतु शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यांच्या काही बाबी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली बाब म्हणजे त्या प्रामुख्याने मिशनरी व धर्मादाय प्रयत्नांतून उभ्या राहिल्या. शिक्षण खात्याच्या मूळ प्रवाहाशी त्यांचे नाते अनुदानापुरतेच राहिले. दुसरी बाब म्हणजे त्यांच्या अध्यापनपद्धती युरोपातील वादांतून घडल्या होत्या. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या परिषदेने हातांच्या खुणांऐवजी केवळ वाणीद्वारे शिक्षण द्यावे असा ठराव केला आणि जगभरच्या बधिरशाळांवर त्याचा दीर्घकाळ प्रभाव पडला. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याचे आणि उच्चार शिकविण्याचे हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने साध्य होणारे होते. ते सर्वसाधारण शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा समज त्यातून दृढ झाला. ब्रेलच्या बाबतीत वेगळीच अडचण होती. भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेल्यावर देशभर एक समान मांडणी उपलब्ध झाली. तोपर्यंत एका अंधशाळेतील शिक्षकाचे ज्ञान दुसऱ्या शाळेतही पूर्णपणे उपयोगी पडेलच असे नव्हते.

तिसरी बाब भौगोलिक आहे. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला आजचा सिंधुदुर्ग जिल्हा, या केंद्रांपासून दूर होता. कोकणातून गिरणीच्या व इतर कामधंद्यासाठी मुंबईत गेलेल्या चाकरमान्यांची बिऱ्हाडे गिरणगावात होती. एखाद्या बहिऱ्या वा अंध मुलाला शिकवावयाचे तर त्याला घरापासून तोडून मुंबईस नातलगाकडे वा वसतिगृहात ठेवणे एवढाच मार्ग उरे. तो अल्प कुटुंबांनाच परवडणारा होता. पुढे रत्नागिरीत अभ्यंकर मूकबधिर विद्यालयासारख्या संस्था उभ्या राहिल्या आणि मंडणगड तालुक्यातील घराडी येथे स्नेहज्योती ही निवासी अंधशाळा सुरू झाली. परंतु घराडी हे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे आणि आचऱ्याच्या मुलाला तेथे राहावयाचे म्हणजे जवळजवळ संपूर्ण कोकण ओलांडणे आले.

सक्तीचे शिक्षण आणि गैरहजेरीचे सबळ कारण

याच काळात सर्वसाधारण शिक्षकाचे प्रशिक्षणही आकार घेत होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षणाची निकड मांडली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, तो शक्यतो शेतकरी वर्गातील असावा, मुलांत मिसळणारा असावा आणि प्रसंगी नांगर धरण्यास त्याला संकोच वाटू नये, अशी भूमिका घेतली. शिकणाऱ्या मुलाची स्थिती काय आहे यावरून शिक्षक कसा असावा हे ठरवावे, हे तत्त्व या मागणीच्या मुळाशी आहे. समावेशक शिक्षणाचा गाभाही नेमका हाच आहे. फुल्यांचे निवेदन अपंग मुलांविषयी नव्हते, परंतु त्यांच्या युक्तिवादाची दिशा पाहता शिक्षक-प्रशिक्षणाच्या मराठी परंपरेत या विचाराचे बीज परकीय नव्हते असे म्हणावे लागेल.

प्रत्यक्षात प्रशिक्षणसंस्थांची वाट वेगळी राहिली. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन ट्रेनिंग कॉलेजात गेलेला 'ट्रेन्ड मास्तर' हा खेड्यातील प्रतिष्ठेचा मानकरी होता. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज स्थापन झाले. माझगावची बधिरशाळा आणि ताडदेवची अंधशाळा त्याच शहरात होत्या. तरीही सर्वसाधारण शिक्षकाचे प्रशिक्षण आणि विशेष शाळेतील शिक्षकाचे प्रशिक्षण हे प्रवाह वेगवेगळेच वाहत राहिले.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यांनी ही विभागणी नकळत पक्की केली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक संमत होऊ शकले नाही, तथापि १९१८ पासून मुंबई प्रांतात व नंतर अन्यत्र सक्तीचे कायदे होत गेले. अशा कायद्यांत आजारपण वा शारीरिक दुर्बलता हे मुलाच्या गैरहजेरीचे सबळ कारण मानले जाई. पालकावर दंड होऊ नये हा त्यामागील सद्हेतू होता. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, अपंग मूल शाळेत आले नाही तर शाळेने वा शिक्षकाने त्याविषयी काही करावे अशी अपेक्षाच उरली नाही. जे मूल वर्गात येणे कायद्यालाच अपेक्षित नव्हते, त्याला कसे शिकवावे हे प्रशिक्षणात येण्याचे कारण नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील सर्वांत दूरगामी परिणाम करणारी बाब हीच होय.

एकात्मिक शिक्षणाचे प्रयोग

१९४४ च्या सार्जंट अहवालाने अपंगांच्या शिक्षणाची स्वतंत्रपणे दखल घेतली. परंतु खऱ्या अर्थाने दिशाबदल झाला तो कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) अहवालात. अपंग मुलांचे शिक्षण हे सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचे अविभाज्य अंग असावे, दयाबुद्धीपेक्षा उपयुक्तता आणि समान संधी या पायावर ते उभे राहावे, अशी या आयोगाची मांडणी होती. कोल्हापूर परिसरातून घडलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाचे लक्ष्य मात्र सावध होते. १९८६ पर्यंत अंध, बधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी सुमारे १५ टक्के आणि मतिमंद मुलांपैकी ५ टक्के मुलांपर्यंत शिक्षण पोहोचावे, एवढेच त्यात अपेक्षित होते.

१९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण योजना सुरू केली. ही योजना प्रारंभी समाजकल्याण मंत्रालयाकडे होती आणि १९८२ मध्ये ती शिक्षण विभागाकडे सोपविण्यात आली. पहिल्या पाच-सहा वर्षांत, १९७९-८० पर्यंत, संपूर्ण देशातील अवघ्या ८१ शाळांतील १८८१ मुलांपर्यंत ती पोहोचली. या अपयशामागे निधी, साधने, समन्वय अशी अनेक कारणे होती. परंतु वर्गातील शिक्षक तयार नव्हता, हे त्यांतील प्रमुख कारण होय.

हे ओळखून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९८७ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने अपंगांच्या एकात्मिक शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. महाराष्ट्राचाही त्यात समावेश होता. निवडलेल्या गटातील सर्व शाळा एकत्रितपणे घेणे आणि शिक्षकांना तीन स्तरांवर प्रशिक्षण देणे हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होते. पहिल्या स्तरावर गटातील सर्व शिक्षकांना अल्पकालीन प्रशिक्षण, दुसऱ्या स्तरावर निवडक शिक्षकांना काही आठवड्यांचे सखोल प्रशिक्षण आणि तिसऱ्या स्तरावर मोजक्या शिक्षकांना विविध अपंगत्वांविषयीचे एक वर्षाचे प्रशिक्षण अशी ती रचना होती. ज्ञान एका तज्ज्ञापाशी न ठेवता संपूर्ण गटात पसरविण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. प्रकल्पाचा कालावधी संपल्यानंतर ही त्रिस्तरीय रचना राज्यांच्या नियमित शिक्षक-प्रशिक्षणात रुजली नाही, ही खेदाची बाब होय.

दोन परिषदा, दोन प्रकारचे शिक्षक

१९९० च्या दशकात या क्षेत्राला कायद्याचे अधिष्ठान लाभले. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ मध्ये संमत झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ मध्ये झाला. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी सर्वसाधारण शाळेनेच सर्व मुलांना सामावून घ्यावे असे घोषित केले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या अपंग बालकाला मोफत शिक्षणाची हमी दिली आणि अपंगत्वविषयक शिक्षक-प्रशिक्षणसंस्था पुरेशा संख्येने स्थापन करण्याची जबाबदारी शासनांवर टाकली.

कायद्यांची ही मालिका स्वागतार्ह होती. परंतु तिच्यातून शिक्षकाची दोन स्वतंत्र कुळे तयार झाली. पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा पदविका वा पदवीधारक हे एक कुळ, आणि अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेला डी.एड. वा बी.एड. शिक्षक हे दुसरे. पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने पुनर्वासाचा व्यवसाय करणे हा कायद्याने दंडनीय अपराध ठरला. अप्रशिक्षित व्यक्तींपासून अपंगांचे संरक्षण व्हावे हा हेतू योग्यच होता. तथापि सर्वसाधारण शिक्षकाच्या मनावर त्याचा वेगळा परिणाम झाला. हे काम आपले नव्हे, त्यासाठी वेगळी माणसे आहेत, या समजुतीला जणू अधिकृत दुजोरा मिळाला. महाराष्ट्रात विशेष शाळा समाजकल्याण खात्याकडे आणि सर्वसाधारण शाळा शिक्षण खात्याकडे राहिल्या. २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, परंतु शाळांच्या बाबतीतील प्रशासकीय दुभंग त्यामुळे मिटला असे नाही.

मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण संस्थेसारख्या संस्थांनी उत्तम विशेष शिक्षक घडविले. परंतु त्यांच्या अनुभवाची शिदोरी जिल्ह्याच्या अध्यापक विद्यालयापर्यंत पोहोचावी अशी नियमित वाट नव्हती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारानंतर हा दुभंग अधिकच जाणवू लागला. अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि समावेशक शाळेविषयीचा विषय अभ्यासक्रमात आला. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेत समावेशक शिक्षण व विशेष गरजांची बालके या घटकावर पाच प्रश्न असतात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. अशा रीतीने विषय पाठ्यक्रमात आला, परंतु तो बव्हंशी व्याख्या, प्रकार आणि कायद्यांची कलमे या स्वरूपात आला.

याचा प्रत्यय अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला येतो. सराव पाठांच्या पाठटाचणात विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीचे नियोजन लिहिण्यास जागा असते. प्रस्तुत लेखकाने तपासलेल्या पाठटाचणांत तेथे 'वैयक्तिक लक्ष देईन' किंवा 'पुढच्या बाकावर बसवीन' हीच वाक्ये वारंवार आढळली. हा छात्राध्यापकांचा दोष नव्हे. कमी दिसणाऱ्या मुलासाठी नकाशाचा पाठ कसा घ्यावा, हे त्यांना कोणी करून दाखविलेले नसते. आणि खरे सांगावयाचे तर ते करून दाखविण्याची तयारी प्रस्तुत लेखकासह अनेक प्राध्यापकांपाशीही नसते, कारण आमचेही प्रशिक्षण त्याच विभागलेल्या परंपरेत झालेले आहे.

सर्व शिक्षा अभियान आणि आचऱ्यासारखी गावे

२०००-०१ पासून सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानाने कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारावयाचा नाही हे तत्त्व स्वीकारले आणि प्रत्येक अपंग मुलामागे वार्षिक १२०० रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद केली. गट साधन केंद्रांवर कंत्राटी तत्त्वावर विशेष शिक्षक व तज्ज्ञ नेमले गेले. ते शाळाशाळांतून फिरत, मुलांची तपासणी शिबिरे भरवीत, साधनांचे वाटप करीत. शाळांच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधले गेले. या काळात अपंग मुलांची नावे पटावर मोठ्या प्रमाणावर आली, हे या अभियानाचे श्रेय होय.

परंतु कोकणाची भूरचना या व्यवस्थेची परीक्षा पाहते. आचऱ्याप्रमाणे खाडी, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये विखुरलेल्या गावांत वस्ती वाड्या-वाड्यांनी पसरलेली असते. शाळेच्या दारात रॅम्प असला तरी घर ते शाळा ही वाट पाणंद, चढउतार, व्हाळ आणि साकव यांतून जाते. पावसाळ्याचे चार महिने ती अधिकच अवघड होते. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, परंतु कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाचा किलोमीटर आणि इतर मुलांचा किलोमीटर सारखा नसतो. म्हणूनच कमी पटाच्या शाळा बंद करण्याच्या वा एकत्र करण्याच्या धोरणाचा विचार अपंग मुलांच्या बाजूनेही करावयास हवा. २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा चर्चा पट आणि खर्च यांची झाली. वाडीतील शाळा हीच ज्याच्यासाठी शक्य असलेली एकमेव शाळा आहे, अशा मुलाचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच आला. वास्तविक पाहता दोन शिक्षकी, वीस मुलांची शाळा ही समावेशनासाठी प्रतिकूल नव्हे तर अनुकूल जागा आहे. तेथे शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने आणि घराने ओळखतो. त्याला उणीव आहे ती कौशल्याची.

फिरत्या विशेष शिक्षकाकडे हे कौशल्य होते. परंतु त्याची भेट काही दिवसांच्या अंतराने आणि थोड्या वेळापुरती होई. त्या वेळेत तो मुलाला शिकवी, शिक्षकाला शिकविण्यास त्याला सवड नसे. शिवाय त्याची स्वतःची नोकरी वर्षानुवर्षे कंत्राटी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांच्या नियमित नेमणुकांबाबत निर्देश दिले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय ऐतिहासिक महत्त्वाचा आहे. परंतु केंद्रातील अपंग मुले या शिक्षकाच्या नावे लिहिली गेली आणि वर्गशिक्षक मोकळा झाला, तर जुनाच दुभंग नव्या रूपात चालू राहील.

याच जिल्ह्यात वेगळ्या दृष्टीचे एक उदाहरण आहे. कोल्हापूर येथे १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेने सिंधुदुर्गातील कुडाळ तालुक्यात मोरे येथे स्वप्ननगरी हा प्रकल्प उभारला असून तेथे काजूप्रक्रियेच्या उद्योगात अपंग व्यक्ती काम करतात. संस्थेच्या कोल्हापूर येथील समर्थ विद्यामंदिरात अपंग व इतर मुले एकत्र शिकतात. चाकाच्या खुर्चीवरून संस्था चालविणाऱ्या नसीमाताईंच्या या कार्याचा शिक्षक-प्रशिक्षणाला एक थेट धडा आहे. अपंग व्यक्ती ही केवळ शिकविण्याचा विषय नाही, ती शिकविणारीही असू शकते. २०१६ च्या कायद्यातही अपंग शिक्षकांच्या नेमणुकीचा उल्लेख आहे. आमच्या अध्यापक महाविद्यालयांतील व्याख्यात्यांच्या यादीत मात्र अशा व्यक्ती अपवादानेच दिसतात.

संशोधनाचा प्रश्न

शिक्षणशास्त्रातील अपंगत्वविषयक संशोधनाकडेही या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. एम.एड. व एम.फिल. स्तरावरील अनेक प्रबंधिकांत शिक्षकांचा समावेशक शिक्षणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन मोजला जातो. पंचबिंदू श्रेणीची प्रश्नावली, सरासरी, प्रमाण विचलन, टी-मूल्य आणि शेवटी दृष्टिकोन 'मध्यम अनुकूल' असल्याचा निष्कर्ष असा त्यांचा साचा असतो. प्रस्तुत लेखकाची एम.फिल. प्रबंधिकाही या साच्याला अपवाद नव्हती. तीत शिक्षकांना विचारले गेले, मुख्याध्यापकांना विचारले गेले. वर्गात बसलेल्या मुलाला मात्र काहीही विचारले गेले नाही. दृष्टिकोन अनुकूल असलेला शिक्षकही कौशल्याअभावी हतबल असू शकतो, ही गोष्ट अशा मोजमापातून समोर येत नाही.

ऐतिहासिक संशोधनाला येथे मोठा वाव आहे. गावोगावच्या प्राथमिक शाळांत जुनी जनरल रजिस्टरे आहेत. मूल केव्हा दाखल झाले, केव्हा व कोणत्या कारणाने शाळा सोडून गेले, यांच्या नोंदी त्यांत असतात. शेऱ्याच्या रकान्यातील एखादा शब्द एका मुलाचा संपूर्ण शैक्षणिक इतिहास सांगून जातो. छात्राध्यापकांनी आपल्या गावाच्या शाळेतील अशा नोंदी, संबंधितांची ओळख गुप्त राखून, अभ्यासल्या आणि त्या पिढीतील वृद्ध शिक्षकांच्या व अपंग व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या, तर समावेशनाचा स्थानिक इतिहास प्रथमच लिहिला जाईल. विशेष साधने नसतानाही एखाद्या मास्तरांनी बहिऱ्या मुलाला पाटीवर चित्रे काढून लिहावयास शिकविले असेल, तर तेही त्यातून उजेडात येईल.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. महाराष्ट्रात अपंगांच्या शिक्षणाचे शास्त्र मुंबई-पुण्याच्या विशेष शाळांत विकसित झाले आणि सर्वसाधारण शिक्षक-प्रशिक्षणापासून ते आरंभीच अलग राहिले. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांनी अपंग मुलाची गैरहजेरी क्षम्य ठरविल्यामुळे सर्वसाधारण शिक्षकाची जबाबदारी निर्माणच झाली नाही. १९९० नंतर मुलाचा हक्क कायद्याने मान्य झाला, परंतु दोन खाती, दोन परिषदा आणि दोन प्रकारच्या पदव्या यांमुळे ज्ञानाची विभागणी कायम राहिली. यास्तव सर्वसाधारण शिक्षकाची आजची अडचण ही केवळ त्याच्या अनास्थेतून आलेली नसून इतिहासाने त्याच्या हाती दिलेली आहे.

उपाय याच निदानातून सुचतात. प्रत्येक छात्राध्यापकाने प्रशिक्षणकाळात किमान एका अपंग मुलासोबत एक संपूर्ण सत्र काम करावे आणि त्याच्या शिकण्याची नोंद ठेवावी. केंद्रस्तरीय विशेष शिक्षकाच्या कामाचा निश्चित भाग वर्गशिक्षकांसमवेत पाठ घेण्यासाठी राखला जावा. विशेष शिक्षण आणि सर्वसाधारण शिक्षण यांच्या अध्यापक महाविद्यालयांनी सराव पाठांची देवाणघेवाण करावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

आचऱ्याच्या गावपळणीत कौल देवाचा असतो, परंतु म्हाताऱ्याला उचलून नेणारे हात शेजाऱ्यांचे असतात. समावेशक शिक्षणाचा कौल कायद्याने केव्हाच दिलेला आहे. वर्गातील शिक्षकाचे हात त्यासाठी तयार करणे हे अध्यापक महाविद्यालयांचे काम आहे आणि ते दीर्घकाळ प्रलंबित आहे.